उर्दू घडीचं मराठी पुस्तक

मुलांनो, हे तुम्हा तिघांसाठी लिहितेय, पण निमित्त थोरलीचं आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. तिच्या प्रकाशन कंपनीच्या पाककृतींच्या पुस्तकात एक चित्र भलत्याच पानावर गेलं. ते तिच्या नजरेतून सुटलं, म्हणून पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. मी "होतं असं" एवढं म्हणून फोन ठेवला. मग वाटलं, एका चित्रासाठी दोन दिवसांचा उपास असेल, तर मी जे केलं त्यासाठी मला वर्षभर अन्न वर्ज्य करायला हवं होतं. मी तर त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले होते. शिवाय ते पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. खोडून काढणारं कुणी नसताना आठवणी लिहाव्यात, हे मी पुष्कळ थोरामोठ्यांची आत्मचरित्रं वाचून शिकले आहे.

तुम्हाला घरात सांगितलं गेलं असेल की आजी घरीच असायची. आजी तीन वर्षं छापखान्यात नोकरीला होती. मी सोलापूरची. तिथं इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि तुमच्या आजोबांची हायस्कुलात नोकरी होती म्हणून इकडं आले. कागदावर उस्मानाबाद, बाजारात धाराशिव. दोन्ही नावांना गाव ओ द्यायचं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. राज्य बदललं, कचेरीतली माणसं मात्र तीच. सगळा जन्म उर्दूत मिसली लिहिण्यात गेलेल्या कारकुनांना हुकूम झाला की यापुढं सगळं मराठीत लिहा. हुकूम अर्थातच इंग्रजीत होता.

गावात छापखाना एकच. आमचे मालक सुधारणावादी होते, म्हणजे दुसऱ्यानं बदलावं याला त्यांची कधीच हरकत नसे. निजामाच्या काळात तिथं दगडावर उर्दू छापायचे. मालकांनी ते दगड परसात धुणं धुवायला टाकले, एक पायानं चालवायचं मशिन आणलं, मराठी अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या आणल्या आणि प्रुफं तपासायला मला ठेवलं. गिऱ्हाईक आलं की ते आधी मशिन दाखवायचे आणि मग मला. "ह्या बाई. इंग्रजी शिकलेल्या आहेत." मशिनवर निदान संध्याकाळी कापड तरी टाकायचे.

मशिन सांभाळायचे उस्ताद. त्यांना सगळं गाव उस्तादच म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी दगडावर उर्दू किताबं छापली होती. मराठी ते आपल्यासारखंच बोलायचे, वाचायला मात्र नव्यानं शिकले होते. खिळे हाताळता हाताळता अक्षरं ओळखीची झाली, एवढंच त्यांचं शिक्षण. काम असं नेमकं करायचे की शाईचा एक डाग दिसायचा नाही. मालकांना ते नको होते. बार्शीला त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा कुणी मराठी छापखान्यातला कारागीर होता, तो त्यांच्या मनात भरला होता. पण तीस वर्षांच्या माणसाला काढायचं तर कारण हवं. उस्ताद कारणच देत नव्हते. त्यांचा हा हट्ट मालकांना फार लागायचा.

मग पुस्तक आलं. त्याआधी मराठीत आम्ही लग्नपत्रिका, जाहिराती, पावत्या असलंच छापायचो. सगळे सुटे कागद. हे आमचं पहिलं मराठी पुस्तक. लेखक बेंबळीचे, तहसिलीतून निवृत्त झालेले पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून. त्यांनी कारकुनांसाठी शब्दांची पोथी केली होती: एका रकान्यात जुना दरबारी शब्द, शेजारी नवा मराठी शब्द. इत्तला म्हणजे सूचना, मिसल म्हणजे प्रकरण, असं. दरखास्त हा परका शब्द काढून त्यांनी तिथं अर्ज हा शुद्ध मराठी शब्द घातला होता. मी त्यांना सांगितलं की अर्ज हा दरखास्तीच्याच घरचा पाहुणा आहे. ते म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी झालं असेल. मराठी आम्हाला शिकवू नका." काळी शेरवानी घालून ते रोज यष्टीनं यायचे आणि माझ्या टेबलासमोर बसून माझ्या पेन्सिलीवर नजर ठेवायचे.

काम सुरू झालं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उस्ताद, पुस्तक कचेरीत जाणार आहे. तिथले नवे साहेब पुण्याचे आहेत. ह्यात कमीजास्त झालं तर पुढच्या महिन्यापासून बार्शीचा माणूस."

उस्ताद मशिन पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "व्हय."

आता छपाईची एकच गोष्ट समजून घ्या, बाकी मी तुम्हाला त्रास देत नाही. पुस्तकाची पानं एकेक करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर आठ पानं छापतात, चार या अंगाला आणि चार त्या अंगाला. मग कागदाला दोन घड्या घातल्या की पानं एक, दोन, तीन अशी ओळीनं येतात. तशी यावीत म्हणून खिळ्यांची पानं मशिनवर आधीच त्या बेतानं मांडतात, काही सरळ, काही डोकं खाली करून. पुस्तक डावीकडून उघडणार की उजवीकडून, हे त्या मांडणीवरच ठरतं. मांडणी उस्तादांची. पहिला कागद निघाला की तपासणार मी, आणि "छापण्यास हरकत नाही" लिहून खाली सही करणारही मीच. सही करण्यापूर्वी कागदाला घडी घालून पाहावं, हे मला पाठ होतं. छपाईवरच्या एका इंग्रजी पुस्तकात मी ते वाचलं होतं आणि खाली रेघही मारली होती. रेघ मारली की वाचलेलं अमलात आणायची गरज उरत नाही, अशी शिकलेल्या माणसांची समजूत असते.

मी प्रत्येक कागद टेबलावर सपाट पसरून वाचला. अनुस्वार पाहिले. स्वल्पविराम पाहिले. कुठं खिळा तुटला होता, कुठं ओळ तिरकी होती, सगळं पाहिलं. खिळे जुळवणारा कंपोझिटर माझ्या नावानं बोटं मोडायचा. पहिल्या पानाच्या शेजारी आठवं पान छापलेलं असतं. ते पहिल्याच्या डाव्या हाताला असायला हवं होतं आणि होतं उजव्या. प्रत्येक कागदावर तसंच. मी त्या दोन्ही पानांतले अनुस्वार पाहिले आणि सही केली.

कचेरीत पुस्तकाच्या प्रकाशनाचा समारंभ होता त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाइंडरकडून पहिला गठ्ठा आला. मी वरची प्रत उचलली, नेहमीसारखी, शिवण डाव्या हाताला धरून. वर नुसतं छापखान्याचं नाव. म्हटलं, मुखपृष्ठ उलटं चिकटवलं वाटतं. उघडलं तर पहिल्याच पानावर शुद्धिपत्र. हे शुद्धिपत्र मी मोठ्या अभिमानानं केलं होतं: एकंदर सात चुका, त्याही बारीक. पान उलटलं तर शंभरच्या आसपासचा आकडा. मग त्याहून लहान. मग आणखी लहान. शेवटी, जिथं पुस्तक संपायला हवं तिथं, पेशकारसाहेबांची प्रस्तावना सुरू होत होती.

शब्दांत चूक नव्हती. अक्षर अन् अक्षर जागेवर. फक्त सगळं पुस्तक उर्दू किताबासारखं उजवीकडून उघडत होतं. पाचशेच्या पाचशे प्रती.

मी प्रत घेऊन आत गेले. उस्ताद तेलाचा डबा घेऊन मशिनपाशी बसले होते.

"उस्ताद, हे बघा."

त्यांनी हात पुसले, प्रत घेतली, शिवण उजव्या हाताला धरली आणि सवयीनं उघडली. "लई छान बांधलंय," म्हणाले. एकेक पान उलटत गेले. "एक. दोन. तीन. चार. काय चुकलं बाई?"

"मराठी पुस्तक इकडून उघडत नाही. तिकडून उघडतं."

"लिखाई तिकडनं, ते मला ठाव हाय. पानं बी तिकडनंच?"

"पानं पण तिकडूनच."

"कुणी सांगितलं?"

खरंच, कुणी सांगितलं होतं त्यांना? विचार करा, त्यांना हे कुठं कळणार होतं? कुणाच्या घरातली पोथी पाहिली तर तिची सुटी पानं वर उलटतात. कचेरीतली दप्तरं सगळी उजवीकडून. तीस वर्षं त्यांनी जेवढी पुस्तकं मांडली ती सगळी उजवीकडून. बाइंडरही त्याच तालमीतला, त्यानंही आकडे पाहून मुकाट्यानं घड्या घातल्या. पेशकारसाहेबांनी तर आदल्या दिवशी बाइंडरकडं जाऊन प्रत हातात घेतली होती, प्रस्तावना उभ्या उभ्या पूर्ण वाचली होती आणि डोळे पुसले होते. पुस्तक इतक्या हातांतून गेलं आणि कुणाच्याही हाताला ते उलटं लागलं नाही. उलटं लागणारा हात त्या इमारतीत एकच होता, आणि त्यानंच सही केली होती.

उस्तादांनी पुस्तक मिटलं. मग प्रत परत माझ्या हातात दिली. "म्हंजी बार्शीचा मानूस आला म्हना की."

"मी मालकांशी बोलते."

"काय बोलनार?"

ते माझं ठरलं नव्हतं. मी टेबलाशी येऊन एक चिठ्ठी लिहिली, की मांडणीतली चूक माझ्या लक्षात आली नाही. ती वाचल्यावर चूक मांडणीची आहे असा तिचा सरळ अर्थ निघत होता. ती फाडून दुसरी लिहिली, की चूक सर्वस्वी माझी आहे. ही मला जरा नाटकी वाटली. चांगल्या गद्याच्या शोधात मी अर्धा तास घालवला. तेवढ्यात मालक आले, गठ्ठा टांग्यात टाकला आणि निघाले. प्रत उघडून पाहायची त्यांना सवड नव्हती. जाताना म्हणाले, "बाई, तुम्हीपण या. उस्ताद, तुम्हीपण. दाराशी उभे राहा."

कचेरीच्या दालनात तीसेक कारकून बसले होते. बहुतेक पन्नाशीचे, या वयात शाळेत घातल्यामुळं चेहरे पडलेले. पुण्याचे साहेब वयानं त्यांच्या मुलांएवढे. पेशकारसाहेब भाषणाला उठले. परकी भाषा आपल्या मुलखातून कशी हद्दपार झाली आहे हे त्यांनी पाऊण तास सांगितलं, त्यातला निम्मा भाग उर्दूत. मग प्रती वाटल्या गेल्या. एक साहेबांच्या हातात गेली.

साहेबांनी ती उघडली. मान वाकडी केली. मिटली आणि पुन्हा उघडली.

"हे काय, सुरुवातीलाच शुद्धिपत्र?"

"शेवटी आहे साहेब," पेशकार म्हणाले.

"माझ्या प्रतीत सुरुवातीला आहे."

"शेवटीच आहे साहेब. आपण शेवटाकडून धरलंय."

"मी पुस्तक जसं धरतात तसं धरलंय!"

"माफ करा साहेब," पेशकार अतिशय नम्रपणे म्हणाले, "पण पुस्तक असं धरतात." आणि त्यांनी साहेबांच्या हातातली प्रत फिरवून दिली.

तेव्हा मालकांच्या लक्षात आलं. आपली प्रत त्यांनी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू खुलला. हवं असलेलं कारण पाचशे प्रतींनिशी चालत आलं होतं. ते उभे राहिले. दाराशी उस्ताद टोपी सारखी करत होते, जाणारा माणूस करतो तशी.

"साहेब," मालक म्हणाले, "ज्याच्या हातून हे झालंय, त्याला मी—"

"हे मुद्दाम केलंय," मी म्हणाले.

बी.ए.ला मला वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्याचा उपयोग मी आयुष्यात एवढा एकदाच केला, तोही खोटं बोलायला. सगळे माझ्याकडं वळले. त्या दालनात बाई बोलल्याची ती पहिलीच वेळ असावी. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकल्यासारखं वाटलं.

"मुद्दाम?" साहेब म्हणाले.

"पुस्तक कुणासाठी आहे साहेब? आपल्यासाठी की यांच्यासाठी? जरा यांच्याकडं बघा."

साहेबांनी पाहिलं. तीसच्या तीस कारकुनांनी प्रती उजवीकडून उघडल्या होत्या आणि ते वाचत होते. कुणी थांबलं नव्हतं, कुणी पुस्तक फिरवून पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एक कारकून बोट ठेवून शब्द लावत होता. साहेबांची नजर आपल्यावर आहे असं पाहून तो गडबडीनं उठला. "सोपं केलंय साहेब. मराठी म्हणलं की धडकी भरायची. हे आपल्या दप्तरागत हाताला येतंय."

शेजारचा बसल्या बसल्या म्हणाला, "आता आतलं डोस्क्यात गेलं म्हंजी झालं."

सगळे हसले. साहेबही हसले. पुण्याच्या माणसाला मराठवाड्यात काही सोयीचं सापडलं की तो हरखतो. "कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

"उस्तादांची," मी म्हणाले आणि दाराकडं बोट केलं.

मालक उभेच होते. बसायला त्यांना कारण सापडेना.

परत येताना उस्ताद माझ्यापासून चार पावलं पुढं चालत होते. छापखान्याच्या पायरीशी थांबले. मला वाटलं, आता हे आभार मानतील. काय बोलून ते नाकारायचे, तेही मी रस्त्यात ठरवून ठेवलं होतं.

"बाई, तुमी झूट बोललात."

"तुमच्यासाठी बोलले."

"माज्यासाठी?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कागदावर सही कुनाची हाय?"

मुलांनो, दोन्ही बाजू सांगते. त्यांची जागा जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं आहे. मालकांनी कागद काढून पाहिले असते तर प्रत्येकावर माझं वळणदार अक्षर निघालं असतं, हेही खरं आहे. दालनात उभी राहिले तेव्हा यातलं कुठलं आधी डोक्यात आलं, ते मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद सरळ मालकांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं मला उठावंसुद्धा लागलं नाही.

"मालक, ते मुद्दाम न्हवतं. माजी चूक हाय. मला म्हाईत न्हवतं. तुमी बार्शीला कळवा."

मालकांच्या हातात कचेरीचा कागद होता. साहेबांनी बाकीच्या तालुक्यांसाठी आणखी प्रती मागवल्या होत्या आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "याच सोयीच्या घडीत."

"उस्ताद," मालक म्हणाले, "चूक एकदाच होते. हे आता दुसऱ्यांदा छापायचंय. दुसऱ्यांदा केलं की त्याला पद्धत म्हणतात."

"पन मालक, ते—"

"साहेबांच्या कागदावर सोय लिहिलीय. तुम्ही साहेबांहून जास्त शिकलात का? जा, मशिन लावा."

अशा रीतीनं उस्तादांना खरं बोलण्याची परवानगी नाकारण्यात आली. बार्शीला मालकांनी पत्र टाकलं की सध्या जागा नाही. उस्तादांनी दुसरी आवृत्ती मांडली, पहिलीइतकीच नेमकी आणि पहिलीसारखीच उलटी. त्या आठवड्यात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी त्यांनी एक कोरा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाई, तुमची घडी दाखवा." मी दाखवली. त्यांनी ती उकलली, पानांचे आकडे घातले, पुन्हा घडी घातली. नंतर त्यांनी मला कागद हाडाच्या पट्टीनं कसा मोडायचा ते शिकवलं, कारण माझ्या घड्या फार गबाळ्या होत्या. तिथून पुढं सही करण्याआधी प्रत्येक कागद आम्ही दोघं घडी घालून पाहायचो. नवं पुस्तक आलं की मालक समोर असताना ते मोठ्यानं विचारायचे, "बाई, हे कुनीकडनं उघडायचं? सोयीकडनं का बराबर?" मालक खिडकीबाहेर बघायचे.

मालकांना खरं काय ते मी कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तुमच्या बाबांच्या वेळी मी नोकरी सोडली. उस्ताद नजर अधू होईपर्यंत त्या मशिनवर होते, आणि नंतरही दुपारी येऊन बसायचे.

छापखाना आता नाही. मशिन भंगारात गेलं, खिळे वितळवले. साहेबांची बदली झाली आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी ती पुस्तकं गोदामात टाकली, असं ऐकलं. पहिल्या आवृत्तीची एक प्रत माझ्याजवळ आहे. तिचा पुठ्ठा पिवळा पडला आहे आणि एक कोपरा कसरीनं खाल्ला आहे. शिवण पक्की आहे. एकही पान सुटलेलं नाही.